बेड सातचं दूध

“मामा, बेड चारच्या ट्रेमध्ये ही दुसरी डबी कुणाची आहे?”

शुभांगी सिस्टरनी काचेच्या दारातून मान बाहेर काढून विचारलं. पावणेबारा झाले होते. मी म्हणालो, प्रतीक्षाची. त्या म्हणाल्या, “प्रतीक्षा माझ्या शेजारी उभी आहे. तिचं दूध तिच्या हातात आहे. मग हे कुणाचं?”

मी वही उघडली. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: सकाळी नऊ, प्रतीक्षा, एक डबी. पुढचे दोन रकाने कोरे होते.

ते कोरे का राहिले ते सांगतो. पण आधी माझं काम काय ते सांगायला पाहिजे, नाहीतर काही कळायचं नाही.

बारामतीतल्या एका लहान मुलांच्या दवाखान्यात मी एनआयसीयूच्या दारावर बसतो. एनआयसीयू म्हणजे कमी दिवसांच्या नाहीतर आजारी बाळांचा अतिदक्षता विभाग. आम्ही त्याला नुसतं ‘आत’ म्हणतो. बाळ आत आहे, डॉक्टर मॅडम आत आहेत. दवाखान्यात माझ्यासारख्या माणसाला मामा म्हणतात, मग तो विशीतला असो का सत्तरीतला. येणाऱ्याच्या चपला बाहेर काढायला लावणं, कोपरापर्यंत हात धुवायला लावणं, गाऊन देणं आणि आयांचं दूध घेऊन आत पोचवणं, एवढं माझं काम.

त्याआधी तीस वर्षं मी गावाच्या दूध संकलन केंद्रावर होतो. कॅन उघडायचा, दूध हलवायचं, फॅट मोजायची, टाकीत ओतायचं. माझी मंडळी गेल्या दिवाळीच्या आधी गेली. घरी बसवेना. दिवसभर भांड्यांकडं बघत बसायचो. ओळखीनं इथं लागलो. दुधाचा माणूस आहे म्हणून दुधाची वही माझ्याकडं आली.

डेअरीत सगळ्या गावाचं दूध एका टाकीत जातं. आत तसं चालत नाही. तिथं एका आईचा थेंब दुसऱ्या बाळाला जाता कामा नये. आईच्या अंगात काही दुखणं असेल तर ते दुधातून जाऊ शकतं, हे मॅडमनी मला पहिल्या दिवशीच बजावलं होतं. म्हणून डबी हातात घेतली की तीन गोष्टी विचारायच्या. आईचं नाव, बापाचं नाव, बेड नंबर. तिन्ही वहीत लिहायच्या. माझं शिक्षण चौथी, पण एवढं मला जमतं. बाळाच्या पायातला पट्टा इंग्रजीत असतो, तो मला वाचता येत नाही. माझं सगळं बेड नंबरावर चालतं.

त्या दिवशी मी तिन्हीपैकी एकच विचारलं.

सकाळी नऊला दारात गर्दी होती. एक आजीबाई चपलांसकट आत निघाल्या होत्या आणि मी त्यांच्याशी वाद घालत होतो. तेवढ्यात एक साठीपुढचा माणूस आला. डोक्याला टोपी, गुडघ्यापर्यंत धूळ, हातात पाच लिटरची दुधाची किटली. किटलीत रसवंतीवाल्याकडून घेतलेला बर्फ. बर्फात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत बोटाएवढी डबी, आणि डबीच्या तळाला पिवळं घट्ट दूध. बाळंतिणीचा पहिला चीक. असेल सहा एमएल. डेअरीत एवढं तर कॅनच्या बुडाला चिकटून राहायचं.

मी म्हणालो, एवढ्या मोठ्या किटलीत एवढंच?

“म्हैस न्हाय मामा,” तो म्हणाला. “माणूस हाय.”

मला हसू आलं. आजीबाई तेवढ्यात पुन्हा आत घुसल्या. मी घाईघाईनं विचारलं, कुणाचं? तो म्हणाला, प्रतीक्षाचं. डबीवर चिकटपट्टी होती आणि तिच्यावर बॉलपेननं ‘सौ. प्रतीक्षा’ लिहिलेलं होतं. बेड चारची आई प्रतीक्षा, हे मला तीन दिवसांपासून माहीत होतं. ती वरच्या मजल्यावर बाळंतीण होती. म्हटलं सासऱ्याच्या हाती पाठवलं असेल. ते धुळीचे पाय आणि तो बर्फ बघूनही माझ्या डोक्यात आलं नाही, की वरच्या मजल्यावरून येणाऱ्याला बर्फ कशाला लागतो? डबी मी चारच्या ट्रेमध्ये दिली. माणसाला म्हणालो, तात्या, हॉलमध्ये बसा, काही लागलं तर हाक मारीन. तात्या बसले.

दहाला मॅडमचा राउंड झाला. बेड सातवर एक मुलगी होती, आदल्या संध्याकाळी इंदापूरहून ॲम्ब्युलन्सनं आलेली. आईचं बीपी एकाएकी वाढलं, तिथल्या डॉक्टरांनी थांबायला वेळ नाही म्हणून आठव्या महिन्यातच सिझर केलं. बाळ भरलं एक किलो तीनशे ग्रॅम. श्वास नीट घेईना म्हणून आमच्याकडं पाठवलं. बाप बरोबर आला होता. सह्या केल्या आणि उलट्या पावली इंदापूरला गेला, कारण बायकोचं बीपी उतरत नव्हतं. इंदापूरच्या कागदावर आईचं नाव कोमल होतं. त्यामुळं बाळाच्या पट्ट्यावर आलं ‘बेबी ऑफ कोमल’. आत बाळाला स्वतःचं नाव नसतं. आईच्या नावावरच त्याचं सगळं चालतं. औषध, रिपोर्ट, दूध, सगळं.

मॅडम म्हणाल्या, सातला आज बारा वाजता दूध सुरू करायचं. नळीतून दोन एमएल. बाळ उपाशी नव्हतं, शिरेतून ग्लुकोज चालू होतं. पण एवढ्या लहान बाळाच्या आतड्याला पहिलं दूध आईचंच लागतं, पावडरच्या दुधानं आतडं सुजायची भीती असते, आणि ते सुजलं तर बाळ जाऊही शकतं. मॅडमनी मला हे असंच सरळ सांगितलं आणि म्हणाल्या, “कोमलच्या माणसांना शोधा मामा. दूध कुठंय विचारा.”

मी हॉलमध्ये जाऊन हाक मारली, “कोमलचे नातेवाईक!”

वीस-पंचवीस माणसं बसली होती. कुणी उठलं नाही.

साडेदहाला पुन्हा हाक दिली. अकराला पुन्हा. बापाचा फोन बंद लागत होता. सिस्टरनी इंदापूरच्या दवाखान्यात फोन लावला. तिथली बाई म्हणाली, दूध सकाळीच पाठवलंय, पोचायला पाहिजे होतं. कारखान्यांचा सीझन चालू. इंदापूर-बारामती रस्त्यावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर. दूध घेऊन निघालेल्या माणसाचं वाटेत काही झालं असेल का? मी गेटपर्यंत जायचो, रस्ता बघायचो, परत यायचो. खुर्चीवर बसलो की पुन्हा उठायचो.

तात्या समोरच बसले होते. तिसऱ्या हाकेनंतर मला म्हणाले, “कोण हो ही कोमल? तिची माणसं कुठं मेली?”

मी म्हणालो, दूध घेऊन निघालेत, पोचले नाहीत.

“बसलं आसंल एखादं च्या पीत,” तात्या म्हणाले. “बाळ हितं टाकून. काय एकेक माणसं आसत्यात.”

मी मान हलवली. माझ्याही मनात तेच होतं.

आणि मग पावणेबाराला सिस्टरनी ती डबी बाहेर धरली.

मी तात्यांना दाराशी बोलावलं. ते लगबगीनं उठून आले. सिस्टरनी विचारलं, तुमचं बाळ कोणतं? तात्या म्हणाले, प्रतीक्षाचं, सून हाय माझी. सिस्टरनी शेजारच्या पोरीकडं बोट केलं, ही प्रतीक्षा. तात्यांनी तिच्याकडं पाहिलं, तिनं तात्यांकडं पाहिलं. दोघांनी एकमेकांना जन्मात पाहिलेलं नव्हतं. सिस्टरना बाराच्या दुधाची घाई होती. त्या पटकन म्हणाल्या, “आजोबा, प्रतीक्षा एकच आहे इथं आणि ती ही. तुमचं बाळ आत नाही.”

तसलं वाक्य त्या दारात बोलू नये. मी तिथं बसतो म्हणून मला माहीत आहे, तिथं ‘बाळ नाही’ याचा अर्थ लोक एकच घेतात.

तात्यांनी भिंतीला हात लावला. “न्हाय म्हंजे?” ते म्हणाले. “काल संध्याकाळी तर हितं आणलं. न्हाय म्हंजे काय?”

मी त्यांचा दंड धरला. म्हटलं, तात्या, तुमी कुठनं आलाय?

“इंदापूरनं. गाव वरकुटे.”

इंदापूर म्हटल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. मी विचारलं, मग ती इंदापूरची कोमल तुमची कोण?

झालं. तात्या आणखीच पांढरे पडले. “कोमल माझी लेक हाय. ती फलटणला नांदती. तिला काय झालं? मघापासनं तुमी तिलाच हाका मारताय का?”

एका मिनिटात त्या माणसाची नात गेली आणि लेक दवाखान्यात पडली. दोन्ही आमच्यामुळं. मी त्यांना खाली बसवलं, पाणी दिलं आणि म्हणालो, लेकीला काही झालेलं नाही, घरी कुणाला तरी फोन लावा. त्यांनी इंदापूरला बायकोला फोन लावला, ती सुनेजवळ होती. मी फोन घेतला आणि म्हणालो, बाळंतिणीच्या कानाला लावा.

“बाई, मी बारामतीच्या दवाखान्यातनं बोलतोय. तुझं नाव काय?”

पलीकडनं बारीक आवाज आला, “कुठलं सांगू?”

मी म्हणालो, जितकी असतील तितकी सांग.

“आधार कार्डावर कोमल. घरात प्रतीक्षा.” आणि लगेच, “बाळानं दूध घेतलं का?”

मी फोन सिस्टरच्या हातात दिला. त्यांनी नवऱ्याचं नाव, बाळाचं वजन, जन्माची वेळ सगळं विचारून कागदाशी जुळवलं. जुळलं. बेड सात.

मला वाटलं संपलं. डबी उचलायची, सातच्या ट्रेमध्ये ठेवायची. मॅडमनी नाही म्हटलं.

तात्या हात जोडून म्हणाले, “मॅडम, माझ्याच सुनंचं हाय. मी माझ्या हातानं आणलंय.”

मॅडम चिडल्या नाहीत. म्हणाल्या, “आजोबा, डबीवर वेळ नाही. नाव जुळत नाही. तीन तास दुसऱ्याच्या ट्रेमध्ये होती. मी अशी डबी कुठल्याच बाळाला देत नाही. उद्या हीच चूक उलटी होईल.” मग माझ्याकडं वळल्या. “वहीत फक्त नाव घेतलंत?”

मी हो म्हणालो. गर्दी होती हे सांगितलं नाही. गर्दी रोजच असते.

“ओतून टाका,” त्या म्हणाल्या. “दोनपर्यंत थांबू. ताजं मागवा.”

डेअरीत नासलेलं दूध मी कॅनच्या कॅन ओतलेलं आहे. मागं वळून कधी पाहिलं नाही. ते सहा एमएल बेसिनमध्ये ओतायला मला हात रेटावा लागला. पोट फाडून घेतलेल्या बाईनं ते पहाटे उठून थेंब-थेंब काढलं होतं, आणि मला तीन प्रश्न विचारायचा कंटाळा आला होता.

तात्यांनी इंदापूरला सांगितलं. पोराला, म्हणजे बाळाच्या बापाला, निरोप गेला. सुनेला पुन्हा बसवलं. टाके ओढत होते, बीपीच्या औषधानं गरगरत होतं, असं सासूनं फोनवर सांगितलं. पाऊण तासात चार एमएल निघालं. तिथल्या नर्सनं यावेळी चिठ्ठी स्वतः लिहिली. पोरगं मोटरसायकलवर निघालं तेव्हा एक वाजायला दहा कमी होते.

मग आम्ही दोघं म्हातारे बाकावर बसलो. बसलो म्हणजे आळीपाळीनं उठत होतो. तात्या गेटला गेले की मी बाकावर, मी गेलो की ते. एकदा दोघंही गेटला जाऊन उभे राहिलो.

तात्या आपणहूनच बोलायला लागले. लेक कोमल, सूनही कोमल. एका घरात दोन कोमल कशा चालायच्या? हाक मारली की दोघी ओ द्यायच्या. म्हणून लग्नातच पोरानं ताटातल्या तांदळात अंगठीनं ‘प्रतीक्षा’ लिहिलं. नाव तात्यांनीच काढलं होतं. पुढच्या वर्षी लेक तर लग्न होऊन फलटणला गेली. घरात एकही कोमल उरली नाही, पण प्रतीक्षा ती प्रतीक्षाच राहिली.

“तीन वर्सं झाली,” तात्या म्हणाले. “तिनं कदी बी काय म्हणलं न्हाय.”

मी म्हणालो, तुमी विचारलं होतं का?

“न्हाय.”

“मग ती काय म्हणंल?”

मला असं बोलायचा हक्क नव्हता, पण तोंडून गेलं. मग मी त्यांना माझं सांगितलं. आमच्या मंडळीचं नाव लक्ष्मी. रेशन कार्डावर लक्ष्मी, मतदार यादीत लक्ष्मी. बेचाळीस वर्षांत मी तिला नावानं एकदाही हाक मारली नाही. ‘ऐकलं का’ म्हटलं की भागायचं. ती गेली तेव्हा तिचा थोरला भाऊ आला, तिच्या उशाशी बसला आणि “चंद्रे, ऊठ गं” म्हणून रडायला लागला. मी त्याच्याकडं बघतच राहिलो. मला वाटलं म्हातारपणानं माणूस भलत्याच कुणासाठी रडतोय. मग कुणीतरी सांगितलं, माहेरचं नाव तिचं. आमच्या लग्नात मीच कधी तरी ऐकलं असेल आणि विसरलो असेन.

तात्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. म्हणाले, “तुमच्या मंडळीनं तरी सांगायचं.”

“मी तरी विचारायचं,” मी म्हणालो.

दोन वाजले. पोरगं नाही. सव्वादोन झाले. मी आत डोकावलो. मॅडम दुसऱ्या बाळाला तपासत होत्या. पावडरचा डबा टेबलावर होता, बंद. दोन वाजून वीस मिनिटांनी मोटरसायकल आली. पोराच्या शर्टावर उसाचं पाचट चिकटलेलं. भवानीनगरच्या अलीकडं ट्रॉली आडवी झाली होती, शेतातून गाडी काढली म्हणाला. डबी शर्टाच्या आत बर्फाच्या पिशवीत बांधून आणली होती. पोट गारठून लाल झालं होतं.

मी डबी हातात घेतली आणि पोराला म्हणालो, आईचं नाव सांग.

“प्रतीक्षा,” तो म्हणाला.

तात्या मागून ओरडले, “कोमल म्हण, कोमल!”

मी पुढं विचारलं. बापाचं नाव. बेड नंबर. तिन्ही लिहिलं. डबी सिस्टरना दिली. अडीचला सातच्या नळीत दोन एमएल गेलं. राहिलेलं दोन पुढच्या वेळेला ठेवलं. सिस्टरनी काचेतून अंगठा दाखवला. तात्यांना त्याचा अर्थ कळला नाही, मी सांगितला. मग ते बाहेर जाऊन चहा प्यायले. सकाळपासून त्यांनी काही घेतलं नव्हतं.

बाळ सव्वीस दिवस आत होतं. मध्ये दोन दिवस पोट फुगलं म्हणून दूध बंद करावं लागलं, एकदा श्वास घ्यायचं विसरलं, अशा बाळांचं होतं तसं. पण वजन चढत गेलं. आई इंदापूरला होती तोवर तात्या रोज किटली घेऊन यायचे. मी “कोमलचे” एवढंच म्हणायचो, पुढचं म्हणायच्या आत ते उभे राहायचे. एके दिवशी फलटणची लेक बघायला आली होती. मी हाक दिली तर बापलेक दोघंही उठले. सगळा हॉल हसला.

सहाव्या दिवशी आईला इंदापूरहून सोडलं. तिला थेट आमच्याकडं आणलं. टाक्यांवर हात दाबून, वाकून, एकेक पायरी चढत आली. तिनं आपलं बाळ अजून पाहिलेलं नव्हतं. मी तिला हात धुवायला लावले, गाऊन दिला, वही उघडली.

“नाव?”

तिनं आधी सासऱ्याकडं पाहिलं. तात्या आपल्या पायांकडं बघत होते. मग ती नीट उभी राहिली, जेवढं टाके राहू देतील तेवढी, आणि म्हणाली, “कोमल.”

मी लिहिलं. ती आत गेली. सिस्टरनी बाळ तिच्या छातीवर ठेवलं. ते मी बघितलं नाही. दारात दुसरं कुणी चपला घालून आलं होतं.

माझ्या चुकीची नोंद झाली. मॅडमनी मला कामावरून काढलं नाही, पण चार लोकांसमोर जे बोलायचं ते बोलल्या. बरोबर बोलल्या. आता वहीत चौथा रकाना आहे, मीच पट्टीनं आखला. आईचं माहेरचं नाव. काही बाया लगेच सांगतात. काही आधी हसतात. काही आजूबाजूला बघून हळूच सांगतात, जणू मी काही भलतंच विचारलं. पण सांगतात सगळ्या. आजवर एकही विसरलेली निघाली नाही.

एवढंच मला या कामातून कळलं. बाईला नाव विचारायचं तर दोन्ही विचारावीत, आणि ती समोर असताना विचारून घ्यावीत.